एकोणीस ठिकाणे आणि वीस तास : कोल्हापुरातील एका लग्नाचे प्रकरण

गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुतणीचे लग्न कोल्हापुरात झाले. मुलगा नागपूरचा. बाहेरगावचे एकूण ३४ पाहुणे मुक्कामी होते : नागपूरहून १९, पुण्याहून ७, मुलाचे बंगळुरूचे ६ मित्र आणि ग्वाल्हेरहून मुलाच्या आजोळचे एक वृद्ध जोडपे. घरात कामांची वाटणी झाली तेव्हा आचारी, मंडप, आहेर, मानपान ही कामे जाणत्या मंडळींकडे गेली आणि ‘पाहुण्यांना गाव दाखवणे’ हे काम माझ्याकडे आले. मी निवृत्त आहे आणि माझा जन्म शिवाजी पेठेतला आहे, एवढ्या दोन गोष्टी घरच्यांना पुरेशा वाटल्या. त्या चार दिवसांत या कामाचे काय झाले, आधी काय चुकले आणि नंतर कोणत्या दुरुस्तीने ते मार्गी लागले, याची ही नोंद आहे. पुढे ज्यांच्यावर हे काम येईल त्यांना तिचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी ती जरा तपशिलात लिहिली आहे.

पहिला कागद

लग्नाच्या पंधरा दिवस आधी मी पाठपोट छापलेला एक कागद तयार केला. त्यात १९ ठिकाणे होती. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, रंकाळा, न्यू पॅलेस, टाऊन हॉलमधले संग्रहालय, खासबाग मैदान, गंगावेशीतला दूध कट्टा, चप्पल लाईन, गुजरी, पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ, नृसिंहवाडी, खिद्रापूर, राधानगरीचे धरण, दाजीपूरचे अभयारण्य अशी ती यादी होती. प्रत्येक ठिकाणापुढे दोन ओळींची माहिती लिहिली होती. न्यू पॅलेस १८८४ साली पूर्ण झाला आणि मेजर मँट हा त्याचा वास्तुरचनाकार, खासबाग मैदान १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतले, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी काशाची मूर्ती टाऊन हॉलमध्ये आहे, अशी ती माहिती होती आणि तिच्यात चूक काहीही नव्हती. घरी सर्वांनी कागदाचे कौतुक केले. कौतुक करणारे सगळे कोल्हापूरचेच होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

त्या कागदावर एकही वेळ लिहिलेली नव्हती. लग्नघराचे वेळापत्रक मात्र मिनिटांवर बेतलेले होते. नागपूरची मंडळी महाराष्ट्र एक्स्प्रेसने गुरुवारी दुपारी उतरणार, शुक्रवारी चार वाजता मेंदी, शनिवारी सकाळी दहाला हळद, सायंकाळी सहाला सीमांतपूजन, रविवारी दुपारचा मुहूर्त आणि सोमवारी दुपारच्या गाडीने परतीचा प्रवास. यांतून मोकळा वेळ किती उरतो याचा हिशेब मी लग्न पार पडल्यावर केला, जो आधी करायला हवा होता. गुरुवारच्या सायंकाळचे दोन तास, शुक्रवारचे सात, हळदीत ज्यांचे काम नाही त्यांना शनिवारचे सात आणि सोमवारचे चार, असे मिळून वीस तास होत होते. दाजीपूरला एकदा जाऊन यायचे तर त्यातलाच एक अख्खा दिवस जातो. शिवाय या वीस तासांतच अंघोळी, नाश्ता, साड्यांची इस्त्री आणि हॉटेलच्या दोन लिफ्टपुढे थांबणे हेही येते. बारा माणसांनी सकाळी सातला निघायचे ठरवले तर गाडी साडेआठला हलते. हे मी चार दिवसांत तीनदा पाहिले आणि तिसऱ्या वेळी चिडणे सोडून दिले.

गुरुवारची सायंकाळ

पहिला धक्का उतरल्याबरोबरच बसला. चोवीस तासांहून अधिक प्रवास करून आलेली मंडळी आता विश्रांती घेतील, फार तर रंकाळ्यावर जाऊन भेळ खातील, अशी माझी अटकळ होती. विहीणबाईंनी हॉटेलच्या दारातच सांगितले, “देवीच्या पाया पडल्याशिवाय मी जेवणार नाही.” त्यांच्या बोलण्यावर बाकीच्या बायकाही तयार झाल्या आणि सहा वाजता २१ माणसे मंदिराकडे निघाली. वार गुरुवार, महिना मार्गशीर्ष. त्या दिवशी मंदिरात किती गर्दी असते हे कोल्हापुरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, आणि माझ्या कागदावर मात्र ‘पहाटे उघडते, रात्री उशिरा बंद होते’ एवढेच लिहिलेले होते.

गाड्या बिंदू चौकात लावून मंडळी भवानी मंडपावरून चालत गेली आणि दिसली त्या रांगेत उभी राहिली. ती गाभाऱ्याजवळून दर्शन देणारी मुख्य रांग होती. तिच्यात जवळजवळ दोन तास गेले. ग्वाल्हेरचे आजोबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी कोणीतरी फूलवाल्याकडून प्लास्टिकचे स्टूल मागून आणले आणि रांग चार पावले सरकली की ते स्टूलही चार पावले सरकत होते. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, तिथून थोड्या अंतरावरून मूर्ती दिसते आणि ती पुष्कळ लवकर सरकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी स्वतः गेली कित्येक वर्षे मुखदर्शनच घेतो. ते इतके अंगवळणी पडलेले आहे की ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे कधी वाटलेच नाही. पाहुण्यांना माहिती देणाऱ्या स्थानिक माणसाची मोठी अडचण इथेच असते. जे त्याला पुस्तकात वाचून कळले ते तो आवर्जून सांगतो आणि जे रोजच्या वावरातून कळले ते सांगायचे राहून जाते.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. कागदावर मंदिराच्या माहितीत ‘येथील किरणोत्सव प्रसिद्ध आहे’ असे मी लिहिले होते. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात, तो हा सोहळा. मुलाच्या आत्याबाईंनी ते वाक्य ठळक खूण करून ठेवले होते. रांगेत उभ्या असताना त्यांनी मला फोन करून विचारले, “दादा, किरणं किती वाजता येतात हो?” तेव्हा साडेसात वाजले होते आणि सूर्य मावळून दीड तास झाला होता. पण वेळ हा त्यातला गौण भाग होता. किरणोत्सव ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला होतो. डिसेंबरात तो नसतोच. मी त्या तारखा लिहिल्या नव्हत्या, कारण त्या सर्वांना माहीत असतात असे मी धरून चाललो होतो. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर माझ्या कागदावरच्या प्रत्येक ओळीबद्दल त्या दुसऱ्या कोणाला तरी विचारून खात्री करून घेऊ लागल्या, आणि ते योग्यच होते.

रात्रीची चौकशी आणि दुसरा कागद

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो आणि एकेका कुटुंबाला चार गोष्टी विचारल्या. विधीत पाटावर कोणाला बसायचे आहे, गुडघे कोणाचे दुखतात, कोल्हापूरचे नाव काढल्यावर त्यांना काय आठवते, आणि उद्याच्या मेंदीच्या आधी त्यांचे कोणते काम अडले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अपेक्षित होती. उरलेल्या दोन प्रश्नांनी माझ्या यादीची उलथापालथ केली.

आठवणीच्या प्रश्नाला नागपूरकरांनी चप्पल, तांबडा रस्सा, मिसळ आणि ‘तिथली कुस्ती’ अशी उत्तरे दिली. न्यू पॅलेसचे नाव १९ जणांपैकी एकानेही घेतले नाही. बंगळुरूच्या मुलांना जुनी देवळे पाहायची होती, पण गर्दी नको होती. ग्वाल्हेरच्या आजोबांनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता “जोतिबा” असे सांगितले. माझ्या कागदावर जोतिबा बाराव्या क्रमांकावर होता आणि त्यापुढे ‘वेळ असल्यास’ असे लिहिलेले होते. जोतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे कुलदैवत आणि डोंगरावरचे आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. ज्या माणसाचे सारे आयुष्य ग्वाल्हेरात गेले त्याने हे नाव लहानपणापासून ऐकलेले असणार, हे मला सुचायला हवे होते. “आमच्याकडं चांगभलं म्हणतात ते कुठून आलं, एवढं एकदा बघायचंय,” असे ते म्हणाले.

अडलेल्या कामांची यादी तर माझ्या कल्पनेबाहेरची होती. एका मावशींच्या ब्लाउजचे फिटिंग करून हवे होते, दोन शेरवान्यांना इस्त्री हवी होती, एका मुलाचा चार्जर नागपूरला राहिला होता, रक्तदाबाच्या एका गोळीसाठी औषधाचे दुकान हवे होते आणि रविवारसाठी पंधरा गजरे कोठे सांगून ठेवायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. वास्तविक बाहेरगावच्या पाहुण्याला लागणारी पहिली स्थानिक माहिती ही असते. मावशींचे ब्लाउज महाद्वार रोडवरच्या एका बोळात पाऊण तासात होऊन आले. तेवढ्या वेळात त्यांनी गुजरीत कोल्हापुरी साजाची चार दुकाने पाहिली आणि परत आल्यावर सर्वांना सांगितले की गाव फार चांगले आहे. पन्हाळा अजून पाहायचाच होता.

दुसरा कागद मी रात्री साडेबाराला हाताने लिहिला. त्यावर ठिकाणांची नावे डाव्या बाजूला नव्हती; डाव्या बाजूला वेळ होती. ‘शुक्रवार सकाळी ८ ते १, गुडघे बरे असोत वा नसोत’, ‘शनिवार ७ ते ९, हळदीच्या आधी परत’, ‘शनिवार ८ ते ४, ज्यांना पाटावर बसायचे नाही अशांनीच’, ‘सोमवार ७ ते ११, जुने कपडे’ असे रकाने होते. १९ ठिकाणांपैकी सात उरली आणि एक नवे आले. सकाळी त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि छापील कागदांची उरलेली चळत घरी नेऊन ठेवली.

शुक्रवार : किल्ला या शब्दाचा परिणाम

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि पाऊण तासात गाठता येतो. तरीही आदल्या रात्री ‘पन्हाळगड’ म्हणताच पन्नाशीपुढच्या सर्व बायकांनी नकार दिला. त्यांच्या मनात रायगडाच्या पायऱ्या होत्या. पन्हाळा हे वस्तीचे गाव आहे, तिथे नगरपरिषद आहे, नाक्यावर प्रवेशकर भरून गाडी थेट गडावर जाते आणि तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी ही सगळी ठिकाणे गाडीतून उतरून चार पावलांवर आहेत, हे समजावल्यावर नकार देणाऱ्यांपैकी नऊ जणी तयार झाल्या. म्हणून दुसऱ्या कागदावर मी ‘किल्ला’ हा शब्दच वापरला नाही. ‘गाडी वरपर्यंत जाते, चढ नाही, वर गार हवा आणि झुणका-भाकरी’ असे लिहिले.

वर गेल्यावर मी इतिहास थोडक्यात सांगितला. सिद्दी जौहरचा वेढा, जुलै १६६० मधली ती पावसाळी रात्र, विशाळगडाकडची वाट आणि बाजीप्रभूंची खिंड ही कथा प्रत्येकाला शाळेपासून येत होती, आणि त्यांना पाहायचे होते ते एवढेच की महाराज कोणत्या बाजूने उतरले. ती दिशा दाखवली आणि मी थांबलो. अंबरखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठारांपैकी एकाच्या आत उभे राहिल्यावर विहीणबाईंनी कमानींकडे पाहून किती खंडी धान्य मावत असेल असे विचारले आणि मग त्यांच्या गावच्या पेवांचा विषय निघाला. तिथे आम्ही ठरल्यापेक्षा बराच वेळ रमलो. पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांना २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, ही माहिती मी आवर्जून दिली आणि ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. झुणका-भाकरी मात्र सर्वांनी मनावर घेतली. एका बाईंकडची भाकरी संपली तेव्हा शेजारच्या टपरीवरून पीठ आणवले गेले.

नव्याने आलेले ठिकाण परतीच्या वाटेवर होते आणि ते कोणत्याही यादीत नसते. डिसेंबर हा गुऱ्हाळांचा हंगाम. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलापलीकडे वाटेवरच्या उसाच्या पट्ट्यात चुलवणाचा धूर दिसला की गाडी आत वळवायची आणि मालकाला विचारायचे, एवढाच बेत होता. ज्या गुऱ्हाळावर आम्ही गेलो तिथे काहीलीतला रस उकळून दाट होत आला होता. आत वाफेने माणसे पुसट दिसत होती. एक जण मागच्या तोंडाने चिपाडे सारत होता, दुसरा लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची मळी काढून बाजूच्या पिंपात टाकत होता, आणि गुळव्या काहीलीच्या कडेला उकिडवा बसून नुसता बुडबुड्यांकडे पाहत होता. रानभेंडीचा चिकट रस मळी वर आणायला घालतात, हे त्याने मुलांना एक सोललेली काडी हातात देऊन दाखवले. मग त्याने पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब टाकला, बोटांनी त्याची गोळी वळून पाहिली आणि “आता उतरायची, मागं सरा” असे म्हणाला. चौघांनी काहील ओढली आणि सोनेरी पाक वाफ्यात पसरला. तो घट्ट व्हायला लागताच पोरांना उसाच्या कांड्यांवर गरम गूळ लावून मिळाला. जावईबापूंच्या काकांनी, जे दिवसभर फारसे बोलले नव्हते, बाहेर येऊन मला विचारले, “काकाजी, हे तुमच्या कागदावर कसं नव्हतं?” या प्रश्नाला माझ्यापाशी प्रामाणिक उत्तर एकच होते, की आम्हांला ते प्रेक्षणीय वाटत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आमच्यासाठी गुऱ्हाळ म्हणजे धूर आणि रस्त्यावरचा चिखल. गाडीत गुळाचे अकरा रवे आणि काकवीच्या सहा बाटल्या चढल्या. मेंदीला आम्ही वीस मिनिटे उशिरा पोचलो.

खाण्याचा नाजूक विषय

रस्सा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. आमच्या घरी देवक बसले होते, त्यामुळे घरात किंवा कार्यालयात सामिष शिजण्याचा संबंध नव्हता. मार्गशीर्षामुळे नागपूरच्या मंडळींतही काहींचे वर्ज्य होते, काहींचे नव्हते, आणि विहीणबाईंसमोर कोणी तसे बोलत नव्हते. अशा वेळी ग्रुपवर सर्वांना ‘येथे तांबडा-पांढरा चांगला मिळतो’ असे लिहिणे म्हणजे निम्म्यांना अवघडवणे आणि उरलेल्यांची चोरी उघड करणे. म्हणून दुसऱ्या कागदावर रस्सा नव्हता; ज्यांनी विचारले त्यांना मी तोंडी सांगितले. शुक्रवारी रात्री मेंदी आटोपल्यावर सहा पुरुष ‘जरा पाय मोकळे करून येतो’ असे सांगून गेले. मटणाच्याच पाण्यावर नारळाचे दूध घालून केलेला पांढरा आणि कांदा-लसणाच्या मसाल्याचा तांबडा, दोन्ही वाट्या पुन्हा पुन्हा भरून मिळतात याचे त्यांना अप्रूप वाटले. तिखटाबद्दल मात्र त्यांचे मत ठाम होते : सावजीपुढे हे काही नाही. कोल्हापूरकराला हे ऐकून घेणे जड जाते, पण पाहुण्यांशी वाद घालू नये म्हणून मी गप्प राहिलो.

मिसळीच्या बाबतीत दोन सूचना पुरल्या. ती सकाळीच खावी, दुपारी जाण्यात अर्थ नाही. आणि तिच्याबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस येतात, तेव्हा दुकानदाराला त्यावरून बोलू नये. शनिवारी सकाळी सातला उद्यमनगरात गेलेली पुण्याची मंडळी नऊच्या आत हळदीला हजर होती. गंगावेशीत मात्र फक्त चौघे गेले. डोळ्यांदेखत म्हैस पिळून पेलाभर धारोष्ण दूध देतात, हे ऐकायला सर्वांना आवडले, प्यायला फारसे कोणी तयार नव्हते.

शनिवार : लांबचे ठिकाण कोणाला सांगावे

खिद्रापूर शहरापासून साठएक किलोमीटरवर, कर्नाटकच्या सीमेलगत कृष्णेच्या काठी आहे. बंगळुरूच्या सहा मुलांना मी तेच सुचवले, कारण त्यांच्यापैकी कोणालाही विधीत बसायचे नव्हते आणि त्यांना गर्दी नको होती. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि मध्ये वर सुमारे १३ फूट व्यासाचे गोल छिद्र आहे. त्याखालच्या वर्तुळाकार शिळेवर उभे राहून वर पाहिले की आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो. देवळाला नंदी नाही, आणि तो का नाही याची कथा पुजारी सांगतात. मुलांनी तिथे दीड तास काढला, येताना नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांचे दर्शन घेतले आणि बासुंदी, कवठाची बर्फी बांधून घेतली.

चूक झाली ती वेळेच्या अंदाजात. नकाशा सव्वा तास दाखवत होता. पण गाळपाचा हंगाम होता आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर होते. त्यांना ओलांडायला वाव नसतो आणि त्यांच्यामागे वीसच्या वेगाने जावे लागते. एका फेरीला सव्वादोन तास लागले. चारला अपेक्षित असलेली गाडी साडेपाचला आली आणि मुले थेट कपडे बदलून सीमांतपूजनात येऊन उभी राहिली. त्यांच्यापैकी एकाला नवरदेवाचा फेटा बांधायचे काम दिलेले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तो फेटा अखेर आमच्या गल्लीतल्या एका मुलाने बांधला आणि तो अधिक चांगला बसला, हा निव्वळ योग. तरीही खिद्रापूर यादीतून काढावे असे मला वाटत नाही. चार दिवसांत सर्वांत मनापासून कौतुक झाले ते त्याचेच. ते कोणाला सांगायचे आणि किती वाजता निघायचे, एवढे नीट पाहावे लागते.

चपलांची खरेदीही शनिवारीच झाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे चप्पल लाईनमधल्या विक्रेत्याला ऐकवण्याच्या फंदात मी पडलो नाही. सांगायला हवे होते ते मात्र सांगितले नाही. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते. तिला आतून तेल लावून घरात थोडी थोडी वापरून मऊ करावी लागते. नवरदेवाच्या चुलतभावाने शनिवारी रात्री घेतलेली करकरीत जोडी रविवारी सकाळी वरातीला घातली, आणि अक्षतांच्या वेळी तो दोन्ही टाचांना चिकटपट्ट्या लावून अनवाणी उभा होता.

सोमवार : डोंगर

जोतिबाला आधी रविवारी संध्याकाळी जायचा विचार होता, कारण मुहूर्तानंतर सर्व मोकळे होते. आमच्या नेहमीच्या चालकाने तो एका वाक्यात मोडून काढला : “रविवारी डोंगरावर गाडी चढवायची म्हंजे जत्रेत घातल्यासारखं, सोमवारी सकाळी चला, पाखरू नसतंय.” रविवार हा जोतिबाचा वार, हे मला माहीत होते, तरी घाईत लक्षात आले नव्हते. त्यामुळे नवविवाहित जोडपे, ग्वाल्हेरचे आजी-आजोबा आणि आणखी नऊ जण सोमवारी सकाळी साडेसातला निघाले. पाखरू नव्हते असे नाही, पण दर्शन अर्ध्या तासात झाले.

कागदावर ‘जुने कपडे’ असे मी दोनदा लिहिले होते. कारण गुलाल. डोंगरावर तो उधळला जातो, पायऱ्यांवर तो साचलेला असतो, तो हवेतच असतो, आणि नव्या जोडप्यावर तर तो मूठमूठ पडतो. तरीही आत्याबाई मोती रंगाच्या रेशमी साडीत आल्या होत्या. माझ्या कागदावरचा त्यांचा विश्वास गुरुवारीच उडाला होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. ग्वाल्हेरच्या आजोबांनी मंदिराच्या भिंतीला हात लावून बराच वेळ तिथेच उभे राहणे पसंत केले. नंतर त्यांनी स्वतःच्या हाताने गुलाल घेऊन आजींच्या कपाळाला लावला आणि “चांगभलं” असे इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या चार माणसांनी वळून साथ दिली. दुपारच्या गाडीत नागपूरच्या डब्यात आत्याबाईंची साडी गुलाबी होती आणि त्यांनी मला खिडकीतून किरणोत्सवाच्या तारखा पुन्हा एकदा लिहून मागितल्या. मी त्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिल्या.

कागदाची सद्यःस्थिती

याच घरात येत्या वैशाखात पुतण्याचे लग्न आहे. पाहुणे बेळगाव आणि हैदराबादचे असतील आणि हे काम पुन्हा माझ्याकडे आले आहे. वेळांचे रकाने तसेच ठेवले आहेत. इस्त्री, शिंपी, औषधाचे दुकान आणि गजरेवाली यांना पहिल्या चार ओळी दिल्या आहेत. मुखदर्शनाची रांग लाल शाईने लिहिली आहे आणि किरणोत्सवाचा उल्लेख काढून टाकला आहे. पन्हाळ्याची वेळ पहाटे सहाची केली आहे, कारण वैशाखात दहानंतर गडावर ऊन सोसवत नाही. चपलांपुढे ‘लग्नात घालू नये’ असे लिहिले आहे. बेळगावकरांना मिसळीबद्दल काही सांगण्याची गरज नाही, त्यांना सगळे माहीत असते. तोवर उसाचा हंगाम आटोपलेला असेल आणि गुऱ्हाळे बंद असतील, म्हणून ती ओळ खोडली आहे. शुक्रवारच्या परतीच्या वाटेवरचा तो एक तास सध्या रिकामा आहे.